पॉवर टूलची जुनी बॅटरी घरी वापरताना: कमी व्होल्टेजला आपोआप बंद होणारं सर्किट कसं लावायचं

ड्रिलची मोटर जळते, ग्राइंडरचा गिअर जातो, पण बॅटरी धडधाकट असते. ठाणे-नवी मुंबईतल्या वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या फॅब्रिकेशनच्या गाळ्यांत आणि फर्निचरच्या कामावरच्या सुतारांकडे असे बिनटूलचे पॅक पडून असतात. शेवटी ते भंगारात जातात. अशा १८ व्होल्टच्या पॅकवर लाइट गेल्यावर राउटर चालतो, एलईडी पट्टी चालते, गणपतीत मखराची रोषणाई होते. दोन वायरींचा सरकवून बसवायचा अडॅप्टर घ्यायचा, पुढे १२ व्होल्टचा कन्व्हर्टर जोडायचा, की झालं असं वाटतं. पहिले काही दिवस चालतंही. मग एका रात्री पट्टी विझेपर्यंत तशीच चालू राहते, आणि सकाळी पॅक चार्जरवर बसवला की लाल दिवा लुकलुकतो. तो पॅक गेला.

हे टाळण्यासाठी काय करायचं ते पुढे क्रमाने दिलं आहे. मल्टिमीटर धरता येतो आणि साधं सोल्डरिंग जमतं, इतकं गृहीत धरलं आहे.

१. टूल काढलं की राखणदारही जातो

१८ व्होल्टच्या पॅकमध्ये (काही कंपन्या त्यालाच २० व्होल्ट म्हणतात) लिथियम-आयन सेलचे पाच गट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक गटाचं सरासरी व्होल्टेज ३.६, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२. म्हणजे पॅक १८ व्होल्टचा, भरलेला असताना २१ चा. दीड-दोन अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये गटात एकच सेल असतो. चार-पाचच्या पॅकमध्ये बहुतेकदा दोन सेल समांतर असतात.

आत एक छोटी पट्टी दिसते, तिच्यावर चार एलईडी असतात. त्यामुळे ‘आत बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की पॅक तोडणारा बोर्ड) आहे’ असा समज होतो. पण अनेक कंपन्यांच्या पॅकमधली ती पट्टी फक्त माहिती देते: तापमान किती, गटांचं व्होल्टेज किती. ती ऐकून मोटर बंद करण्याचं काम टूलमधलं सर्किट करतं. तुम्ही टूल बाजूला काढून थेट प्लस-मायनसवर वायर लावलीत, तर ती सूचना ऐकणारं कुणी उरत नाही.

सेल २.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये, बहुतेक सेलच्या माहितीपत्रकात हाच आकडा असतो. त्याच्याही बऱ्याच खाली गेल्यावर आतल्या ऋण बाजूच्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं. पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलतीकडे जमतं आणि सेल आतून शॉर्ट होऊ शकतो. म्हणून ‘शून्याला गेलेला पॅक उठवला’ याचं कौतुक करू नका. तो वरून बरा दिसतो, आतलं नुकसान दिसत नाही.

२. हा पॅक ठेवायचा की नाही, आधी ठरवा

खराब पॅकला संरक्षण लावून उपयोग नाही. बहुतेक पॅकचे स्क्रू मध्ये भोक असलेल्या टी-१० टॉर्क्स बिटने उघडतात. नेहमीचं टॉर्क्स पान बसणार नाही, मधला खुंट आडवा येतो. उघडण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. पाच सेलचा पॅक शॉर्ट झाला तर कडं तापून लाल होतं. ही अतिशयोक्ती नाही.

उघडल्यावर क्रमाने बघा:

- सेलच्या टोकाला गंज, चिकटपणा, हिरवट-पांढरी पूड किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास. यातलं काहीही असेल तर पॅक तिथेच बाद.
- पाचही गटांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. एकही गट २ व्होल्टच्या खाली असेल तर बाद. एकूण व्होल्टेज बरं दिसत असलं तरी.
- मूळ चार्जरवर पूर्ण चार्ज करा, दोन तासांनी पाचही आकडे लिहून ठेवा आणि पॅक दहा दिवस नुसता ठेवा. पुन्हा मोजा. बाकीच्यांपेक्षा एखादा गट ०.०५ व्होल्टहून जास्त उतरला असेल, तर तो आतून गळतोय.

दहा दिवस थांबायचा कंटाळा येतो, पण याच चाचणीत सगळ्यात जास्त पॅक नापास होतात.

‘दुसऱ्या चांगल्या पॅकच्या वायरी लावून मेलेला पॅक जागा करा’ अशा युक्त्या सर्रास दाखवल्या जातात. चार्जर पॅक घेत नाही, त्यामागे कारण असतं. त्या नकाराला वळसा घालू नका.

३. कट-ऑफ किती व्होल्टला ठेवायचा

टूलमध्ये करंट २०-३० अँपिअर असतो, व्होल्टेज क्षणभर दबतं आणि ट्रिगर सोडला की वर येतं. त्यामुळे तिथे कट-ऑफ, म्हणजे लोड तोडायचं व्होल्टेज, बराच खाली ठेवलेला चालतो. राउटर किंवा एलईडी पट्टी अर्धा ते दोन अँपिअर घेते, त्यात व्होल्टेज फारसं दबत नाही. म्हणजे मीटरवर ३ व्होल्ट दिसतात तेव्हा सेल खरोखरच जवळपास रिकामा असतो. हलक्या लोडसाठी गटामागे ३.२ व्होल्ट धरा. पाच गटांना १६ व्होल्ट, आणि १२ व्होल्टच्या तीन गटांच्या पॅकला ९.६.

याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. जुन्या पॅकमध्ये पाचही गट सारखे नसतात. कट-ऑफ १५ ला ठेवला आणि चार गट ३.३ ला असले, तर पाचवा १.८ ला पोचलेला असू शकतो. बेरीज बरोबर १५ येते आणि सर्किटला काहीच वावगं दिसत नाही. १६ ला ठेवला तर चार गट ३.४ ला असताना पाचवा २.४ ला सापडतो. तेही बरं नाही, पण तांबं सुटण्याइतकं वाईट नाही. फक्त एकूण व्होल्टेज बघणाऱ्या सर्किटची ही मर्यादा कायम लक्षात ठेवा.

१६ ला तोडल्याने बॅकअप किती जातो? ४ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये ७२ वॅट-अवर असतात. जुना पॅक, वरचा कट-ऑफ आणि कन्व्हर्टरमधली घट धरून सुमारे ५० हाताशी येतात. ७ वॅट घेणारा राउटर सात तास चालतो. मीटरला ४.८ वॅटची पाच मीटर एलईडी पट्टी दोन तास. आरतीला पुरते, रात्रभर पुरत नाही.

४. तीन मार्ग, आणि त्यातला कुठला

पहिला मार्ग डिस्प्लेवाल्या तयार रिले मॉड्यूलचा. बटणं दाबून कट-ऑफ भरायचा, वायरी जोडायच्या. सोपं असल्यामुळे बहुतेकजण हेच घेतात, आणि इथेच फसतात. रिलेची कॉइल चालू असताना सतत ३० मिलिअँपिअरच्या आसपास घेते. शिवाय रिले सुटल्यावरही डिस्प्ले आणि आतली चिप पॅकवरच जगते. समजा तोडल्यानंतर मॉड्यूल २० मिलिअँपिअर घेतंय आणि २ अँपिअर-अवरच्या पॅकमध्ये दहा टक्के, म्हणजे २०० मिलिअँपिअर-अवर उरलेत. दहा तासांत तेही संपतात. रात्री अकराला लोड तुटला, सकाळी नऊला पॅक मेलेला. ज्याने वाचवायचं त्यानेच खाल्लं. समोर बसून वापर असेल आणि तुटल्यावर लगेच पॅक काढणार असाल तरच हे घ्या.

दुसरा मार्ग पाच सेलचा बीएमएस. तो प्रत्येक गट वेगळा बघतो, स्वतः मायक्रोअँपिअरमध्ये घेतो. पण त्यासाठी पॅक उघडून प्रत्येक जोडावर वायर सोल्डर करावी लागते, आणि कट-ऑफ कारखान्यातून ठरलेला असतो, साधारण २.५ ते २.८ व्होल्ट. हलक्या लोडला हा खालचा आकडा आहे.

तिसरा मार्ग एका पी-चॅनेल मॉस्फेटचं (इलेक्ट्रॉनिक स्विचचं) छोटं सर्किट. पॅकच्या बाहेर अडॅप्टरमध्ये बसतं, पॅक टूलला परत लावता येतो, कट-ऑफ आपण ठरवतो, आणि एकदा तुटलं की सर्किट स्वतःही जवळजवळ शून्य घेतं. पाच अँपिअरपर्यंतच्या घरगुती लोडसाठी माझं मत याच मार्गाला आहे. पॅक उघडलेलाच असेल तर आत बीएमएस शेवटचा पहारेकरी म्हणून आणि बाहेर हे सर्किट, असे दोन्ही लावा.

मोटरवाली टूल या सर्किटवर चालवू नका. ड्रिल अडकलं की क्षणभर जो करंट ओढतं तो या मॉस्फेटच्या आवाक्यातला नाही. ३६ व्होल्टच्या पॅकलाही हे सर्किट चालत नाही. तो भरल्यावर ४२ ला असतो आणि इथली टीएल ४३१ ही चिप ३७ च्या वर जळते.

५. सामान आणि ते कुठून घ्यायचं

- पी-चॅनेल मॉस्फेट आयआरएफ ४९०५: एक, आणि एक जादा
- टीएल ४३१, व्होल्टेज ताडून बघणारी तीन पायांची चिप: दोन
- रेझिस्टर, पाव वॅट, मेटल फिल्म, १ टक्का: ४७ किलोओहम एक, १० किलोओहम एक, ६.८ किलोओहम दोन, ३.३ किलोओहम एक
- इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट किंवा जास्तीचा: एक
- दाबून सोडायची बटणं: दोन, वेगळ्या रंगांची
- गाडीचा ब्लेड फ्यूज ७.५ अँपिअर, होल्डरसह
- १ चौरस मिलिमीटरची लवचीक वायर, लाल आणि काळी
- व्हेरो बोर्डचा (सोल्डरिंगच्या भोकांच्या बोर्डाचा) तुकडा, हीट श्रिंक, कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी)
- तुमच्या पॅकच्या बनावटीचा अडॅप्टर
- चाचणीसाठी २४ व्होल्ट २१ वॅटचा ट्रकचा बल्ब

शेवटचं सोडून बाकी सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एका फेरीत होतं. ठाण्याहून दादरला उतरून वेस्टर्नची गाडी पकडा, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला बाहेर पडा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. २४ व्होल्टचा बल्ब मात्र कारच्या दुकानात सहसा मिळत नाही. तुर्भे, कळंबोली अशा जिथे ट्रक उभे असतात तिथल्या स्पेअरपार्टवाल्याकडे विचारा.

कार्बनचे ५ टक्क्यांचे रेझिस्टर ‘चालतात’ म्हणून दिले तर घेऊ नका. कट-ऑफ ठरवणाऱ्या वरच्या आणि खालच्या रेझिस्टरांची चूक उलट दिशांना पडली तर कट-ऑफ १.४ व्होल्टपर्यंत सरकतो. फिरवून बदलायचा रेझिस्टर, म्हणजे प्रिसेटही नको. धुळीने त्याचा मधला स्पर्श सुटला तर, कुठे लावलाय त्यावर अवलंबून, सर्किट कधीच तोडणार नाही.

६. सर्किट जोडणे

मॉस्फेट हा दरवाजा. टीएल ४३१ च्या रेफरन्स पायावर सुमारे २.५ व्होल्टहून जास्त आलं की ती मॉस्फेटचा गेट हा पाय खाली ओढून दरवाजा उघडा ठेवते. पॅकच्या १६ व्होल्टचे तिथे २.५ करायचे, त्यासाठी दोन रेझिस्टरांचा विभाजक. वर ४७ आणि ६.८ एकापुढे एक, म्हणजे ५३.८ किलोओहम, खाली १०. हिशोबाने १५.९ येतात, आणि रेफरन्स पाय स्वतः थोडा करंट घेतो म्हणून प्रत्यक्षात १६ च्या आसपास.

मुख्य खुबी अशी: विभाजकाचं वरचं टोक पॅकच्या बाजूला नाही, लोडच्या बाजूला जोडायचं. मॉस्फेट बंद झाला की विभाजकाला व्होल्टेजच मिळत नाही, त्यामुळे सर्किट बंदच राहतं. हे टोक पॅककडे जोडलं तर काय होतं बघा. १६ ला लोड तुटतो, लोड गेल्यावर पॅकचं व्होल्टेज अर्धा व्होल्ट वर येतं, सर्किटला वाटतं पॅक भरला, लोड पुन्हा चालू, पुन्हा दबतं, पुन्हा बंद. पट्टी लुकलुकत राहते, मॉस्फेट तापतो, आणि पॅक हळूहळू खाली जातच राहतो.

जोडणी अशी:

1. पॅकचा प्लस फ्यूजमधून मॉस्फेटच्या सोर्सला. फ्यूज अडॅप्टरला जितका जवळ तितका बरा, कारण फ्यूजच्या आधीची वायर बिनसंरक्षणाची असते.
2. मॉस्फेटचा ड्रेन आउटपुटच्या प्लसला.
3. पॅकचा मायनस सरळ आउटपुटच्या मायनसला. टीएल ४३१ चा अ‍ॅनोड याच रेषेवर.
4. सोर्स आणि गेट यांच्यामध्ये ६.८ किलोओहम.
5. गेट आणि टीएल ४३१ चा कॅथोड यांच्यामध्ये ३.३ किलोओहम.
6. ड्रेनपासून ४७ आणि उरलेला ६.८ किलोओहम एकापुढे एक, तिथून रेफरन्स पाय. रेफरन्सपासून १० किलोओहम मायनसला.
7. कपॅसिटरचा प्लस रेफरन्सला, मायनस मायनसला.
8. हिरवं बटण कॅथोड आणि मायनस यांच्यामध्ये. हे ‘चालू’.
9. लाल बटण रेफरन्स आणि मायनस यांच्यामध्ये. हे ‘बंद’.

आयआरएफ ४९०५ छापील बाजूने समोर धरला की डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. मागचा धातूचा पत्राही ड्रेनच, म्हणून तो कशालाही टेकू देऊ नका. टीएल ४३१ चा मधला पाय अ‍ॅनोड. कडेचे दोन पाय घेतलेल्या बनावटीच्या माहितीपत्रकात बघूनच ठरवा.

सोर्स आणि ड्रेन उलटे लागणं ही सगळ्यात नेहमीची चूक. मॉस्फेटच्या आत एक डायोड असतो. उलटं जोडलं की तो कायम वाहतो आणि सर्किट बंद असतानाही लोडला पॅकपेक्षा जेमतेम ०.७ व्होल्ट कमी मिळत राहतात. वरवर सगळं ‘चालतं’, संरक्षण मात्र शून्य.

चौथ्या-पाचव्या पायरीतले दोन रेझिस्टर काढून टाकायचा मोह टाळा. हा मॉस्फेट गेट आणि सोर्समध्ये २० व्होल्टच सोसतो, आणि भरलेला पॅक २१ चा असतो. या दोघांमुळे गेटवर १३-१४ पेक्षा जास्त येत नाही. कपॅसिटरमुळे क्षणिक डुबकीला सर्किट घाबरत नाही. पंखा सुरू होताना व्होल्टेज काही मिलिसेकंदांत दबून वर आलं तर बहुधा तुटणार नाही.

१२ व्होल्टच्या, म्हणजे तीन गटांच्या पॅकसाठी विभाजकात वर २७ आणि १.५ किलोओहम लावा, खाली १० तेच. सोर्स-गेटमध्ये ४.७ किलोओहम आणि गेट-कॅथोडमध्ये ४७० ओहम. गेटला व्होल्टेज कमी मिळतं, म्हणून लोड दोन अँपिअरच्या आत ठेवा.

कन्व्हर्टर या सर्किटच्या पुढे, लोडकडे लावायचा. एलएम २५९६ चं (व्होल्टेज कमी करणाऱ्या कन्व्हर्टरचं) मॉड्यूल बिनकामाचं बसलं तरी ५ ते १० मिलिअँपिअर घेतं, वर त्याचा एलईडी. ते पॅककडच्या बाजूला असेल तर रिले मॉड्यूलचीच गोष्ट पुन्हा.

७. पॅक लावण्याआधी चाचणी

बदलत्या व्होल्टेजचा पॉवर सप्लाय मिळाला तर उत्तम. नसेल तर लॅपटॉपचा १९.५ व्होल्टचा जुना चार्जर आणि त्यापुढे एलएम २५९६ चं मॉड्यूल, त्याचा स्क्रू फिरवून व्होल्टेज खाली आणता येतं. आउटपुटला ट्रकचा बल्ब लावा. नुसत्या मीटरवर विसंबू नका. बिनलोडच्या आउटपुटवर थोडंसं व्होल्टेज रेंगाळलेलं दिसतं आणि माणूस गोंधळतो.

१८ व्होल्ट द्या. बल्ब बंद असायला हवा. हिरवं बटण अर्धा सेकंद दाबून सोडा, बल्ब लागून राहिला पाहिजे. आता व्होल्टेज हळूहळू खाली आणा. १५.७ ते १६.३ च्या दरम्यान बल्ब विझेल. पुन्हा १८ वर न्या: बल्ब विझलेलाच राहिला पाहिजे. हे झालं की बंद अवस्थेत पॅकच्या बाजूच्या वायरीत मीटर मायक्रोअँपिअरवर लावून बघा. काही मायक्रोअँपिअर दिसले की काम फत्ते.

तसं नाही झालं तर:

- व्होल्टेज वाढवल्यावर बल्ब आपोआप लागला: विभाजक ड्रेनऐवजी सोर्सला जोडलाय. बंद अवस्थेत ०.३ मिलिअँपिअरच्या आसपास दिसत असेल तर खात्रीच.
- बटण न दाबताच बल्ब लागलेला: मॉस्फेट उलटा, नाहीतर शॉर्ट.
- बटण दाबेपर्यंतच लागतो, सोडलं की विझतो: टीएल ४३१ चे कडेचे पाय उलटे, किंवा विभाजकात सुका सोल्डर.
- बल्ब मंद आणि मॉस्फेट गरम: गेटला पूर्ण व्होल्टेज पोचत नाही, किंवा मॉस्फेट नकली. अस्सल ४९०५ मध्ये पाच अँपिअरला जेमतेम अर्धा वॅट उष्णता होते, हाताला कोमट लागतो. चटका बसत असेल तर बदला.
- कट-ऑफ वेगळ्या आकड्याला: साध्या टीएल ४३१ मध्येच दोन टक्क्यांचा फरक असू शकतो, म्हणजे ०.३ व्होल्ट. विभाजकाच्या वरच्या बाजूला एक किलोओहम वाढवला की कट-ऑफ पाव व्होल्टने वर जातो.

मग खरा पॅक. पहिल्यांदा पॅक उघडाच ठेवा, आपलं नेहमीचं लोड लावा, समोर बसा, आणि सर्किटने तोडल्याबरोबर पाचही गट मोजा. सगळे ३.१ ते ३.३ मध्ये असतील तर छान. एक गट बाकीच्यांपेक्षा ०.३ व्होल्टने मागे असेल तर तो पॅक या सर्किटच्या भरवशावर सोडू नका. बीएमएस लावा, नाहीतर निरोप द्या. हीच मोजणी दर दोन-तीन महिन्यांनी करा.

वापरताना: हिरवं बटण दाबून धरून ठेवू नका. तेवढा वेळ संरक्षण नसतं. लाल बटण मात्र दोन सेकंद धरा. कन्व्हर्टरचा कपॅसिटर भरलेला असतो, टिचकी मारून सोडलं तर सर्किट परत चालू होतं. चालू असताना सर्किट स्वतः दोन मिलिअँपिअरच्या आसपास घेतं, म्हणून काम झालं की लाल बटण दाबायची सवय लावा.

८. बीएमएस लावायचाच असेल तर

सेलच्या अंगावर कधीही सोल्डर करू नका. निकेलच्या पट्टीवर, जिथे मूळ पट्टीची वायर बसते तिथे, ६० वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने दोन सेकंदांत काम उरका. छोटा २५ वॅटचा आयर्न जास्त वेळ टेकवावा लागतो आणि उष्णता सेलमध्ये उतरते. उघड्या प्लस टोकांवर आधी बार्ली पेपर (इन्सुलेशनचा जाड कागद) आणि कॅप्टॉन टेप.

बारीक वायरींचा कनेक्टर सगळ्यात शेवटी बोर्डात खोचायचा. खोचण्याआधी मायनसपासून एकेक पिन मोजा: ३.६, ७.२, १०.८, १४.४, १८ अशी चढती पायरी दिसली पाहिजे (तुमचा पॅक जितका चार्ज, त्याप्रमाणे आकडे). मधली एक उडी दुप्पट आली किंवा आकडा उलटा गेला तर खोचू नका, बोर्ड तिथेच मरतो. जोडूनही आउटपुट शून्य येत असेल तर घाबरू नका, बरेच बोर्ड एकदा चार्जिंगचं व्होल्टेज लागल्यावरच जागे होतात.

बीएमएस मायनस तोडतो. आउटपुटचा मायनस बोर्डाच्या ‘पी मायनस’वरूनच घ्या. एखादी वायर चुकून सेलच्या मायनसला राहिली तर सगळा करंट तिथून जातो आणि बोर्ड नुसता शोभेला उरतो.

९. चार्जिंग आणि ठेवण्याची जागा

चार्जिंग फक्त मूळ चार्जरवर. अडॅप्टरमधून उलटं चार्ज करायचा प्रयत्न करू नका. मॉस्फेटच्या डायोडमधून करंट पॅकमध्ये जाईल, पण कुठे थांबायचं हे बघणारं कुणी नसेल. चार्ज करताना पॅक लादीवर किंवा ओट्यावर, गादी-पडद्यापासून लांब. सोसायटीच्या मीटर रूममध्ये किंवा जिन्याखाली तर नाहीच. सर्किटने तोडलेला पॅक दोन-चार दिवसांत चार्ज करा. पडून राहणार असेल तर दोन-तीन दिव्यांपर्यंत, म्हणजे अर्ध्या चार्जवर, ठेवा. मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेला पॅक वापराविनाच म्हातारा होतो.

पावसाळ्यात इथल्या हवेत सोल्डरजवळच्या फ्लक्सला ओल धरते आणि तांबं हिरवं पडतं. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळवा, मगच वर पारदर्शक इन्सुलेटिंग वार्निशचा हात द्या. बटणांच्या आत वार्निश जाऊ देऊ नका.

१०. बाद पॅकचं काय करायचं

घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चेपला तर तिथेच आग लागते. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्या किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्या संस्थेकडे देणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे. नोंदणीकृत ई-कचरा केंद्र, किंवा त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर घेतं का ते विचारा. नेण्याआधी प्लस-मायनसच्या टोकांवर टेप लावा, सुटे सेल असतील तर प्रत्येकाच्या दोन्ही टोकांवर. लोकलच्या गर्दीत पिशवीतल्या किल्ल्या आणि सुट्टे पैसे त्या टोकांना लागायला वेळ लागत नाही.